गोजराकाकींची म्हातारी

गोजराकाकींच्या दारात दिवेलागणीनंतर कुणी गेलं की काकी ओठांवर बोट ठेवून आडव्या उभ्या राहायच्या.

"हळू. म्हातारी निजलीया."

नवखा माणूस लगेच आवाज खाली आणायचा. कुणी चवड्यांवर चालायचं, कुणी हळूच विचारायचं, "बरं नाही का त्यांना?" वास्तविक त्या घरात माणसं दोनच. एक काकी आणि दुसरे कचेरीत पट्टेवाले असलेले काका. म्हातारी म्हणजे दह्याचं मडकं. चुलीच्या बाजूच्या कोनाड्यात, गवताच्या चुंबळीवर ते बसलेलं असायचं. त्यातलं विरजण काकींच्या आईचं होतं. आईला तिच्या सासूनं दिलेलं, आणि सासूला कुणी दिलं ते काकींनाही ठाऊक नव्हतं. एवढं वय झालेल्या वस्तूला नुसतं दही म्हणणं काकींच्या जिवावर यायचं.

एकदा थंडीच्या दिवसांत सकाळीच देवी टोचणारा आळीत आला. वही काढून त्याने काकींना विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोन. आन् हळू बोला, म्हातारी अजून निजलीया."

"म्हणजे तीन. उठवा त्यांना, त्यांनाही टोचायचंय."

"तिला न्हाई टोचायचं."

"अहो बाई, काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं."

"तुमाला काय जातंय? पाणी सुटंल तिला!"

तो माणूस दोन पावलं मागे सरला. मी आमच्या दारातून बघत होते. मला हसू आवरेना, आणि पुढे होऊन खरं काय ते सांगायचा धीरही होईना. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

त्याच थंडीत काका लागोपाठ तीन दिवस कचेरीत उशिरा पोचले. कारण रात्री काकी त्यांचा कचेरीचा लोकरी कोट मडक्याभोवती गुंडाळायच्या, पितळी बिल्ल्यासकट, आणि सकाळी म्हातारी उठल्याशिवाय, म्हणजे दही घट्ट लागल्याशिवाय, कोट सुटायचा नाही. साहेबांनी कान उपटले तेव्हा काका म्हणाले, "घरातली म्हातारी गारठलीया, साहेब. तिच्या अंगावर घातला होता." साहेब भला माणूस. त्याने संध्याकाळी आपली जुनी रग पाठवून दिली. काकींनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "बरी हाय. पण विंझरच्या घोंगडीची ऊब न्हाई."

विंझर त्यांचं माहेर, आणि हे त्यांचं नेहमीचंच. भोरात राहून अठरा वर्षं झाली, तरी भोरातलं काहीही त्यांच्या पसंतीला उतरलं नव्हतं. नीरेचं पाणी जड. भोरचा तांदूळ शिजतो, पण फुलत नाही. भोरच्या कोंबड्याला वेळ कळत नाही. एकदा काकांनी हौसेनं राजवाड्याची रोषणाई दाखवायला नेलं. घटकाभर बघून काकी म्हणाल्या, "दिवं लई हायती. पण आमच्या विंझरात एक दिवा लावला तरी उजेड पडतो."

काका कधी वाद घालत नसत. ते फक्त म्हणायचे, "व्हय बाई, सूर्यबी तिकडनंच उगवतो." आणि विंझर भोरच्या वायव्येला आहे, हे ते मला नंतर हळूच सांगायचे.

आता एवढं नावाजलेलं दही आळीत कुणाला मिळत असेल असं तुम्हाला वाटेल. मिळायचं ते फक्त ताक, तेही मीठ घालून. कुणाच्या लेकराचं पोट बिघडलं की काकी स्वतः तांब्या घेऊन जायच्या, रात्रभर उशाशी बसायच्या. पण मिठाशिवाय त्यांच्या दह्याचा थेंब कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. खारवलेल्या ताकाचं विरजण लागत नाही, अशी त्यांची खात्री होती. एखादीनं अगदी पदर पसरला तर म्हणायच्या, "ताक न्या, लोणी न्या, मला न्या. इरजण न्हाई मिळायचं."

याच्यामागे एक भांडण होतं. काकी लग्नानंतर काही वर्षं विंझरजवळच नांदत होत्या. काकांना भोरला चाकरी लागली तेव्हा निघण्याआधी त्या चार दिवस माहेरी राहिल्या. आई नुकतीच गेली होती. घर भावाच्या बायकोच्या हाती आलेलं. तिसऱ्या दिवशी जेवताना काकी म्हणाल्या, दही आईच्या हातचं लागत नाही. चौथ्या दिवशीही म्हणाल्या. तेव्हा वहिनी म्हणाली, "येवढंच असंल वन्सं, तर मडकंच घेऊन जावा की!"

दुसरी बाई रडली असती. काकी उठल्या, हात धुतले, मडकं उचललं आणि निघाल्या. भाऊ मागून हाका मारत वेशीपर्यंत आला. काकींनी तिथं उभं राहून शपथ घेतली, की माहेरचा मुराळी न्यायला येईल तेव्हाच या गावात पाऊल ठेवीन, आणि तोवर हे विरजण कुणाच्या हातावर ठेवणार नाही.

मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. भाऊ येतो, भाचा येतो, नाहीतर घरचा गडी. अठरा दिवाळ्या गेल्या, कुणी आलं नाही. दर दिवाळीच्या आधी काकी उंबरा दोनदा सारवायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, "मुंग्या लई झाल्यात."

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी लग्न होऊन भोरला आले तेव्हा मला दही लावता येत नव्हतं. कधी दूध नासायचं, कधी तसंच राहायचं. हे रोज पानावर बसून वाटीत बघायचे आणि काही न बोलता वाटी बाजूला सारायचे. बोलले असते तर बरं झालं असतं. एके दिवशी दुपारी काकी धुण्याची पाटी घेऊन नदीवर निघाल्या आणि मला म्हणाल्या, "इंदे, मांजर लई माजलंय. म्हातारीपाशी बसतीस का जरा?"

मी बसले. समोर मडकं, शेजारी पळी. काकी लवकर येईनात. मी देवाचं नाव घेतलं, एक पळी दही वाटीत काढलं, पदराखाली धरून घरी नेलं आणि पुन्हा येऊन बसले. काकी आल्या तेव्हा माझ्या कपाळाला घाम होता. त्या म्हणाल्या, "ऊन लागलं व्हय गं, घरात बसून?"

त्या दिवसापासून सात वर्षं माझ्याकडे तेच विरजण चालू होतं. काकी जेवायला असल्या की मी ताकात मीठ घालायची, ओळख पटू नये म्हणून चांगलं मूठभर घालायची. त्या एक घोट घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बरं हाय."

लढाईचे दिवस होते. एका बाजारच्या दिवशी विंझरचा एक शेतकरी काकींच्या ओसरीवर टेकला. पाणी पिऊन म्हणाला, "बाई, तुमच्या दादाला आता दिसंना झालंय. डोळ्यात सारा आलाय. मानूस आवाजावर वळकतो."

काकींनी तांब्या उचलला. "मग मी काय करू? मुराळी धाडला का त्यानं?"

"त्यो कशाला धाडंल? तुमीच रागावून गेलात म्हंतो."

"मग ऱ्हाऊ दे त्याला त्याच्या घरी."

त्या आठवड्यात काकींनी कुणालाच आवाजावरून टोकलं नाही. आळीतली पोरं दाराशी विटीदांडू खेळली तरी त्या आतून काही बोलल्या नाहीत. आणि एके सकाळी बाहेर येऊन म्हणाल्या, "म्हातारी गेली."

बायका धावल्या. दोन घरं सोडून नव्यानं राहायला आलेली एक बाई तर डोळ्यांना पदर लावून आली. तिला दुसऱ्या बाईनं कोपऱ्यात नेऊन खरं काय ते सांगितलं, तेव्हा ती चिडली आणि घरी गेली.

"मांजरानं मडकं पाडलं," काकी म्हणाल्या. "थेंबबी ऱ्हायला न्हाई."

मी मागच्या मागे घरी आले. माझी वाटी शिंक्यावर होती. ती घेतली, काकींच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. दुसऱ्या वेळी उंबऱ्यावर पाय ठेवला तर परसात काकींचं मडकं उन्हात पालथं घातलेलं दिसलं आणि आतून काकांचा आवाज आला.

"आता गं?"

"आता काय? विंझरला जाऊन आनलं पायजे. तिकडं घरोघरी आसंल आईचं इरजण."

"मुराळी न्हाई, बोलावणं न्हाई. आन् तुझी शपथ?"

"मी माहेरी कुठं चाललीया? इरजण आनाय चाललीया. सकाळी जायचं, सांजच्याला यायचं. बसायचंबी न्हाई." मग त्यांना मी दिसले. "इंदे, तू चल माझ्यासंगं. एकटी गेले तर लोक म्हनतील, नवऱ्याशी भांडून आली."

मी वाटी पदराखाली घेतली आणि मान हलवली. तेव्हा सांगितलं असतं तर काकींना विंझरला जावं लागलं नसतं. पण खरं सांगते, त्यांच्या तोंडावर त्या घटकेला जे दिसत होतं ते बघून माझ्याच्यानं बोलवेना. मूल जत्रेला निघताना जसं दिसतं तशा त्या दिसत होत्या.

पहाटेच्या मोटारीनं आम्ही निघालो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची शेगडी जोडलेली. सपाटीला ती नीट चालायची, चढ आला की दम टाकायची आणि सगळ्यांना उतरवायची. पुरुष ढकलायचे, बायका मागून चालायच्या. काकींच्या कडेवर रिकामं मडकं, तोंडाला धुवट फडकं बांधलेलं.

"आजीबाई, मडकं द्या आत, मी धरतो," एक माणूस म्हणाला.

"नगं. तू मोटार धर, ती पडाय लागलीया."

कामथडी मागे पडल्यावर त्यांनी लांब श्वास घेतला. "वारं बदललं बघ." मला कोळशाच्या धुराखेरीज काही जाणवलं नाही. नसरापूरला आम्ही वेल्ह्याच्या बाजाराला जाणाऱ्या दुसऱ्या मोटारीत बसलो. पुढे तोरणा दिसायला लागला तेव्हा काकी डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करू लागल्या.

आता एक गंमत सांगते. विंझरला उतरून दहा पावलं चाललो असू. काकी थांबल्या आणि म्हणाल्या, "रस्त्यात केवढी धोंडं! आमच्या भोरात असं न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुढे आडावर एका पोरीनं पाणी दिलं. काकींनी चूळ भरली. "गोड हाय. पर नीरेच्या पाण्याला कशी जडाई आसती. पोटाला धरतं." एका ओळखीच्या म्हातारीनं अठरा वर्षांत काय पाहिलंस विचारलं, तर रस्त्यातच उभं राहून काकींनी राजवाड्याची रोषणाई अशी वर्णन केली, की मला पुन्हा जाऊन बघावीशी वाटली. "अवो, रात हाय का दिस, कळत न्हाई!"

भावाच्या घराशी मात्र त्यांचं बोलणं आटलं. ओसरीवर एक उंच म्हातारा भिंतीला टेकून दोरी वळत बसला होता. डोळे उघडे, पण नजर आमच्यावरून पलीकडे गेलेली. काकी अंगणात उभ्या राहिल्या. त्या वर जाईनात आणि बोलेनात. आवाजावर माणूस ओळखतो म्हटलेलं त्यांच्या ध्यानात होतं, म्हणूनच बोलत नसाव्यात.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. तिचे केस पांढरे झालेले. तिनं आधी काकींकडे बघितलं, मग मडक्याकडे.

"अगं बया! वन्सं, मडकं आनलंत व्हय परत?"

म्हाताऱ्याचे हात दोरीवर थांबले.

"परत न्हाई आनलं," काकी म्हणाल्या. "आन् मी बसाय न्हाई आले. माझं इरजण गेलं. घोटभर दे, चालले मी."

"माझ्याकडं कुठलं?" वहिनी म्हणाली. "समदं तर तुमी घेऊन गेलात! आमी मागनं शेजारनं आनलं. त्याला आता अठरा वर्सं झाली."

"शेजारनं?" काकींचा आवाज चढला. "आन् ते तू माझ्या दादाला घालतीस?"

"घालती. आन् ते रोज पानावर बसून म्हंत्यात, आईच्या हातचं लागत न्हाई. एका भनीनं दोन दिस म्हनलं तर मला सोसलं न्हाई, भावाचं मी अठरा वर्सं ऐकतीया!"

म्हातारा हसला. आवाज न करता, खांदे हलवून. मग म्हणाला, "गोजरे, वर ये. उन्हात उभी ऱ्हाऊ नगं."

"मुराळी धाडला न्हाईस."

"तू मडकं घेऊन गेलीस. म्हनलं, राग जाईल तवा मडकं परत करंल. मडकं आलं की लगोलग मुराळी धाडायचा, असं मी ठरवलं हुतं."

"आन् मी म्हनलं, मुराळी आला की मडकं द्यायचं."

वहिनीनं कपाळाला हात लावला. काकींनी ते रिकामं मडकं ओसरीच्या कडेवर ठेवलं. म्हाताऱ्यानं चाचपत हात पुढे केला, मडक्याच्या काठावरून फिरवला, एका टवक्यापाशी थांबवला. "ह्यो मी पाडलेला. आईनं लई मारलं हुतं." मग हात आत घालून तळ चाचपला. "गेलं म्हन की मग. आईचं गेलं."

त्या हाताकडे बघून मी बोलले. कशी बोलले ते मला अजून कळलेलं नाही.

"गेलं नाही. माझ्या घरी आहे. मी चोरून घेतलं होतं, सात वर्षांपूर्वी, एक पळी. रोज लावते. काल रात्रीही लावलंय."

एवढ्या अनोळखी माणसांत मी एवढी वाक्यं कधी बोलले नव्हते. काकी माझ्याकडे वळल्याच नाहीत. भावाकडेच बघत म्हणाल्या, "ऐकलंस? आईचं इरजण भोराला हाय. पायजे आसंल तर मुराळी धाड."

"धाडतो."

"गडी-बिडी न्हाई चालायचा."

"न्हाई धाडत गडी."

मग काकी ओसरीवर चढल्या. वहिनीनं पिठलं आणि नाचणीची भाकरी केली. शेजारचं दहीही वाढलं. काकींनी ते चाखलं आणि वहिनीकडे बघून म्हणाल्या, "बरं हाय की." वहिनीनं मान खाली घालून पदरानं डोळे पुसले. निघताना तिनं माझी आणि काकींची ओटी भरली. मडकं मात्र काकींनी तिथं ठेवलं नाही. "ते आता भरूनच यील," म्हणाल्या.

परतीच्या मोटारीतून चढाला उतरलो तेव्हा मी धीर करून विचारलं, "काकी, रागावलात माझ्यावर?"

"कशापायी?"

"चोरी केली मी."

"येडी हायस." त्या मडकं सावरत चालत होत्या. "त्या दिशी चार लुगडी धुयाला मला सारी दुपार लागती व्हय? मी आपली नदीच्या कडंला बसले हुते पाय सोडून. म्हनलं, घेतलं आसंल आता पोरीनं. देनार न्हाई अशी शपथ हुती माझी. कुनी घेऊ नये अशी कुठं हुती?" आणि थोडं चालून गेल्यावर, "ताकात मीठ तेवढं कमी घालत जा. सात वर्सं सोसलं मी."

मोटार पुढे चालू झाली होती, लोक हाका मारत होते. मी तशीच रस्त्यात उभी राहिले. माझ्या घरी विरजण आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, तर मग विंझरला यायचं कारणच काय होतं? आणि परसात उन्हात पालथं घातलेलं ते मडकं माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्या जुन्या टवक्याखेरीज त्याला कुठं काही झालेलं नव्हतं, आणि ते राखेनं लख्ख घासलेलं होतं.

"काकी," मी म्हटलं, "मांजरानं मडकं पाडलं म्हणालात..."

"चल, चल," काकी म्हणाल्या. "मोटार जाईल."

दिवाळीच्या आधी चार दिवस आळीत एक बैलगाडी आली. वहिनीनं हात धरून दादांना खाली उतरवलं. ते नवं धोतर नेसले होते आणि दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "गोजरे, मुराळी आलाय!"

काकी बाहेर आल्या. ओठांवर बोट ठेवलं, मग दादांना ते दिसत नाही हे आठवून त्यांनी बोट दादांच्याच ओठांवर ठेवलं.

"हळू. म्हातारी निजलीया. उठली की निघू."

विंझरला न्यायचं दही त्यांनी मुद्दाम त्याच सकाळी लावलेलं होतं. काका बैलांना पाणी दाखवायला गेले, वहिनी माझ्याकडे चहाला आली. मी मध्ये एकदा काकींच्या दाराशी डोकावले. कोनाड्यापाशी दोघं बहीणभाऊ जमिनीवर बसली होती, मध्ये मडकं, त्याच्यावर काकांचा कोट.

"कवा उठंल गं?" दादा कुजबुजले.

"उठंल. घाई हाय का तुला?"

"मला कसली घाई?" ते म्हणाले आणि त्यांनी हात कोटाखाली घालून मडक्याची ऊब बघितली.